चष्मा ठेवावा की उतरवावा?

मैत्रिणींनो, सकाळी जाग आल्याबरोबर तुमच्यापैकी कितीजणी आधी उशाशी हात चाचपडतात? देवाचे नाव नंतर, आधी चष्मा! मी पाचवीत असल्यापासून हेच करत आले आहे. आज माझे वय ३८ आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेपाच. चष्मा नसला की समोरच्या माणसाचा चेहरा मला पाणी पडलेल्या रांगोळीसारखा दिसतो.

इतकी वर्षे हे सगळे अंगवळणी पडले होते. पोळ्या लाटताना वाफेने काचा धुरकटणे, पोराने दांडी वाकवणे, पावसात शाळेत जाताना पदराने काचा पुसणे. तक्रार अशी कधी केली नाही. पण मागच्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली.

आम्ही चंद्रपूरला, तुकूमच्या पुढे ताडोबाच्या रस्त्याला राहतो. पहाटेची साडेपाचची वेळ. सडा टाकायला गरम पाण्याची बादली घेऊन अंगणात आले. वाफेने काचा धुरकटतात म्हणून चष्मा आतच फळीवर ठेवला होता. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पिवळसर रंगाचे कुत्रे बसलेले दिसले. मी दोनदा "हाड! हाड!" केले. ते हलेना. म्हणून फाटकाकडे दोन पावले टाकली, तोच समोरच्या गच्चीवरून शेजारीणबाई ओरडल्या, "अहो मॅडम, मागं सरा ना! कुत्रा नाही तो, बिबट होय, बिबट!"

बादली तिथेच टाकून मी आत पळाले. बिबट्याही आपल्या वाटेने निघून गेला. आमच्या भागात ही नवलाई नाही. दुर्गापूर आणि ऊर्जानगरकडे बिबटे वस्तीत शिरतात हे चंद्रपूरकरांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी माझे हात दुपारपर्यंत कापत होते. संध्याकाळी हे घरी आल्यावर मी जाहीर करून टाकले, "मी डोळ्यांचे लेसर ऑपरेशन करून घेणार!"

हे म्हणाले, "आधी चौकशी तर करू." सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या दिसणाऱ्या डोळ्याला कोणी हात लावतं का, बाई?" धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही चष्म्याशिवाय किती छान दिसाल!" शाळेत एका बाईंची वहिनी ऑपरेशन करून सुखी झालेली, तर दुसऱ्या बाईंच्या मावसबहिणीचे डोळे वर्षभर कोरडे पडून खुपत राहिलेले. सल्ला द्यायला सगळ्या तयार, पण माझ्या डोळ्यांत प्रत्यक्षात काय करणार हे कुणालाच सांगता येईना. मी मराठीची बी. ए., तासिका तत्त्वावर शिकवणारी. मग आमच्या विज्ञानाच्या बाईंकडून दहावीचे पुस्तक मागून आणले आणि आधी डोळा समजून घेतला. तुम्हालाही तेच सांगते. ऑपरेशन करा किंवा न करा, एवढे माहीत असायलाच हवे.

लेसर नेमके करतो काय?

डोळ्याच्या अगदी पुढे, काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. पुस्तकात त्याला पारपटल म्हटले आहे, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. प्रकाश वळवण्याचे मोठे काम हा पडदा करतो. ज्यांना लांबचे दिसत नाही त्यांचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो, त्यामुळे चित्र मागच्या दृष्टिपटलावर न पडता अलीकडेच पडते. चष्म्याची काच ते मागे ढकलते. लेसर हेच काम पारपटलाचा आकार बदलून करतो. मध्यभागी किंचित सपाट केले की चित्र जागेवर पडते.

म्हणजे लेसर डोळा "बरा" करत नाही. आतली लांबी तशीच राहते. मोठ्या नंबरच्या डोळ्यात दृष्टिपटल पातळ होण्याचा आणि सुटण्याचा जो धोका असतो, तो चष्मा गेला तरी जात नाही. दृष्टिपटलाची तपासणी पुढेही करत राहावी लागते. हे मला कुणीच सांगितले नव्हते.

या शोधाची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत एक्सायमर नावाच्या लेसरवर काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी घरून प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर लेसर सोडला. आजूबाजूचा भाग न भाजता अगदी कोरीव खाच पडली. शिळ्या अन्नाचा असा उपयोग आपल्या कुठल्याही पाककृतीत नाही! त्यांना आणि त्यांच्या 2 सहकाऱ्यांना या शोधाबद्दल २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळाले. त्याआधी १९९५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी या लेसरला मान्यता दिली होती.

आज मुख्यतः तीन पद्धती आहेत. लॅसिकमध्ये भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा पारपटलाचा पातळ पापुद्रा एका बाजूने जोडलेला ठेवून उचलतात, खाली लेसर देतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुसऱ्याच दिवशी बरेच स्पष्ट दिसू लागते. पण तो पापुद्रा पहिल्यासारखा घट्ट कधीच होत नाही, जोराचा मार लागला तर पुढेही सरकू शकतो. दुसरी पी. आर. के. ही पद्धत. तिच्यात पापुद्रा नाही. वरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर देतात, ती त्वचा चार-पाच दिवसांत पुन्हा येते. ते दिवस दुखण्याचे आणि दृष्टी स्थिरावायला काही आठवडे. तिसरी स्माइल. तिच्यात आतल्या आत कागदाइतकी पातळ चकती कापून छोट्याशा चिरेतून बाहेर काढतात. कोणती पद्धत हे जाहिरात पाहून ठरवायचे नसते, ते आपल्या डोळ्यावरून आणि कामावरून ठरते.

पारपटलाचा जमाखर्च

मला सगळ्यात पटले ते हे गणित. आपण गृहिणी महिन्याचा हिशेब मांडतो ना, तसाच. पारपटलाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. डॉक्टर ती मायक्रॉनमध्ये मोजतात, १००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. समजा तुमची जमा ५४० मायक्रॉन आहे. लॅसिकचा पापुद्रा साधारण ११० चा. एका नंबरामागे लेसर अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन खर्च करतो. नंबर ४ असेल तर ६० धरा. शिल्लक राहिले ३७०. ही शिल्लक २५० च्या खाली कधीच जाऊ द्यायची नाही, आणि बरेच डॉक्टर ३०० च्या वरच ठेवतात. शिल्लक फार कमी राहिली किंवा पारपटलाचा आकार मुळातच वेडावाकडा असला, तर ते पुढे फुगत जाऊन दृष्टी कायमची बिघडू शकते. म्हणून ऑपरेशनआधी पारपटलाचा नकाशा काढतात. ही तपासणी न करता कुणी तारीख देऊ लागले तर तिथून उठून यावे.

जमा सगळ्यांची सारखी नसते. शेजारणीचे ऑपरेशन छान झाले म्हणून आपलेही होईल असे नाही, आणि तिचे बिघडले म्हणून आपलेही बिघडेल असेही नाही.

नागपूरची फेरी

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर आम्ही दोघे नागपूरला गेलो. वरोऱ्यावरून बसने अडीच-तीन तास. तपासणीला एकटीने जाऊ नका, बरं का! बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास जवळचे दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स एक-दोन आठवडे आधीपासून बंद, कडक लेन्स त्याहून जास्त दिवस. नाहीतर नकाशा चुकीचा येतो.

माझी जमा निघाली ४९८. साडेपाच नंबराचा खर्च ८० धरला आणि पापुद्र्याचे ११० वजा केले तर शिल्लक ३०८. "होईल, पण काठावर आहे. करायचेच तर पापुद्रा न काढता केलेले बरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी किती टिकते तेही पाहिले, ते थोडे कमी निघाले. लेसरने पारपटलातल्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून पुढचे काही महिने डोळे कोरडे पडतात, क्वचित जास्त काळ. आधीच कोरडे असतील तर त्रास वाढतो. आमच्या चंद्रपूरचा मे महिना म्हणजे ४७-४८ अंशांची भट्टी, वर कोळशाची धूळ आणि घरात दिवसभर कूलरचा झोत. तुम्हीच विचार करा.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "घरात तुम्ही चष्मा काढता केव्हा?"

मला प्रश्नच कळला नाही. चष्मा घालायचा असतो, काढायचा कशाला? म्हटले, झोपताना. त्या हसल्या. "आठवडाभर लक्ष ठेवा आणि मग सांगा."

उत्तर चौथ्या दिवशी मिळाले. संध्याकाळी वीज गेली होती. मुलाच्या शाळेच्या सदऱ्याचे बटण तुटलेले. सासूबाईंनी नेहमीसारखी सुई-दोरा माझ्यापुढे केला आणि मी नेहमीसारखा चष्मा कपाळावर सरकवून एका झटक्यात सुई ओवली. सासूबाई म्हणाल्या, "तुझं बरं आहे. चष्मा काढून दिसतं. मला तर घालूनही ओवता येत नाही."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तांदळातला खडा, पायात रुतलेला काटा, औषधाच्या पाकिटावरची बारीक तारीख, हे सगळे मी चष्मा काढूनच बघते. चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे दिसणे कमी होते. आपल्या भाषेत त्या चष्म्यालाच "चाळिशी" म्हणतात! ती लेसर केलेल्यालाही येते आणि न केलेल्यालाही. फरक एवढाच की उणे नंबरवालीला चष्मा काढला की जवळचे दिसते. लेसर केल्यावर ही सोय संपते. म्हणजे आज ३८ व्या वर्षी मी लांबचा चष्मा उतरवला असता आणि थोड्याच वर्षांत वह्या तपासायला आणि सुई ओवायला जवळचा चष्मा नाकावर आला असता. एका डोळ्याचा नंबर थोडा ठेवून दुसऱ्याचा काढण्याची युक्तीही आहे, पण ती सगळ्यांना मानवत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस अनुभव घ्यावा, मगच ठरवावे.

माझ्या भाचीची गोष्ट

आता दुसरी बाजू. माझी भाची देसाईगंजला राहते, ज्याला आमच्याकडे सगळे वडसा म्हणतात. वय २३, नंबर अडीच, दोन वर्षांत बदललेला नाही. ती पोलीस भरतीची तयारी करते. गडचिरोली जिल्ह्यात अशा मुली गावोगावी पहाटे धावताना दिसतात. तिने एक शहाणपणा केला. डोळ्यांच्या अटी प्रत्येक भरतीत वेगळ्या असतात, काही ठिकाणी ऑपरेशनला किती दिवस झालेले हवेत हेही ठरवलेले असते. ते सगळे तिने आधी जाहिरातीत वाचले, न कळलेले कार्यालयात जाऊन विचारले आणि मगच डॉक्टरांकडे गेली. प्रशिक्षणात डोळ्याला मार लागू शकतो म्हणून डॉक्टरांनी तिला बिनपापुद्र्याची पद्धत सुचवली. तीन दिवस पोरगी अंधाऱ्या खोलीत रडत होती. महिनाभर दृष्टी कधी स्पष्ट, कधी अंधुक. त्या वर्षी रोवणीला बांधावर पाऊल टाकायचे नाही असे तिच्या आईने बजावले आणि ते बरोबरच होते. चिखलाचे पाणी किंवा धानाचे पाते ताज्या जखमेच्या डोळ्याला लागले तर जंतू शिरून डोळाच जाऊ शकतो.

आज ती खुशीत आहे. दिवाळीनंतर वडशाला झाडीपट्टीची नाटके रंगतात. पहिल्या हंगामात रंगमंचाच्या दिव्यांभोवती तिला वलये दिसायची, दुसऱ्या हंगामात ती जवळजवळ गेली. कुणाकुणाची ती राहतातही, आणि रात्री गाडी चालवणारीला त्याचा त्रास होतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मसुदाच काढला की कोरडेपणा, वलये, क्वचित रेंगाळणारे दुखणे हे सगळे रुग्णाला आधी स्पष्ट सांगावे. बहुतेक जणी ऑपरेशननंतर समाधानी असतात हे खरे, पण ज्या थोड्या नसतात त्याही कुणाच्या तरी लेकी-सुनाच ना!

जाण्याआधी वहीत लिहून न्या

१. माझा नंबर वर्षभर स्थिर आहे का? १८ वर्षांच्या आत ऑपरेशन करत नाहीत, आणि त्यानंतरही नंबर वाढत असेल तर थांबायचे.

२. मी गरोदर आहे का, बाळ अंगावर पिते आहे का? या काळात नंबर आणि डोळ्यांतला ओलावा बदलतो. दूध सुटल्यावर काही महिने जाऊ द्यावेत.

३. माझ्या पारपटलाची जाडी किती, नकाशा कसा आहे, शिल्लक किती राहील? आकडे कागदावर लिहून मागा. मागायला लाजू नका.

४. मला संधिवातासारखा आजार, मधुमेह किंवा डोळ्यांचा कोरडेपणा आहे का? घेत असलेली सगळी औषधे सांगा.

५. ऑपरेशन कोण करणार आणि नंतर त्रास झाला तर मी कुणाकडे जायचे? दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने दाखवावे लागते. भामरागड किंवा सिरोंच्याहून नागपूर गाठणारीने राहण्याची सोय आधीच पाहून ठेवावी.

६. सगळा खर्च किती? थेंब, तपासण्या, फेऱ्या धरून. आणि हे लक्षात ठेवा, साडेसात नंबरपेक्षा कमी असेल तर नंबर घालवण्याचा खर्च आरोग्य विम्यात मिळत नाही.

७. नंतर घरात काय जपायचे? निदान आठवडाभर डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, डोळे चोळू नका. काजळ, चुलीचा धूर, मिरच्यांची फोडणी, होळीचे रंग डॉक्टर सांगतील तोवर दूर. घरकामाला कोण मदत करील ते आधीच ठरवा. नाहीतर आपण तिसऱ्या दिवशी पदर खोचतोच!

आणखी एक. ऑपरेशन केलेच तर आधीचे आणि नंतरचे सगळे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. वीस-पंचवीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला ते लागतात. लेसर झालेल्या डोळ्याचा हिशेब वेगळा असतो. मोतीबिंदूच्या डॉक्टरांना ते आठवणीने सांगायचे.

मग मी काय केले?

मला बासष्ट हजार रुपये खर्च सांगितला होता. तासांच्या मानधनातून पै-पै साठवलेले माझे स्वतःचे पैसे होते. हे म्हणाले, "पैशासाठी थांबू नकोस." सासूबाईंचा विरोधही मावळला होता. म्हणजे आता कुणाच्या माथी खापर फोडायची सोय नव्हती, निर्णय माझा मलाच घ्यायचा होता.

एका दुपारी वही घेऊन बसले आणि मनाशी खरे बोलले. मला ऑपरेशन का हवे होते? बिबट्यामुळे? काही अंशी. पण तळाशी दुसरेच निघाले. लग्नाआधी एका घरून कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर निरोप आला होता, "मुलगी चांगली आहे, पण चष्मा जाड आहे." पंधरा वर्षे झाली, ती माणसे मला रस्त्यात ओळखणारही नाहीत, आणि मी मात्र त्यांच्यासाठी पारपटल कोरून घ्यायला निघाले होते! तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर फक्त माझे काम लिहिले: वह्या, शिवण, स्वयंपाक, उन्हाळा, वय, ४९८ ची जमा. उत्तर आपोआप आले. मी चष्मा ठेवला.

मी ठेवला म्हणून तुम्हीही ठेवा असे माझे म्हणणे नाही. पंचविशीची असते, पारपटल जाड असते, नंबर कमी असता, तर मी कदाचित आनंदाने उतरवला असता. भाचीचा निर्णय तिच्यासाठी बरोबर, माझा माझ्यासाठी. तुम्ही तुमचा कागद मांडा. चष्मा नको का वाटतो, हे आधी स्वतःला विचारा आणि मग डॉक्टरांकडे जा.

बासष्ट हजारांपैकी थोडे मी खर्च केलेच. पातळ काचांचे दोन चष्मे करून घेतले. एक नेहमीचा आणि दुसरा मागच्या दाराशी खिळ्याला दोरीने टांगलेला. पहाटे कडी काढण्याआधी हात आधी त्या खिळ्याकडे जातो. काचांवर वाफ धरते तेव्हा मी उंबऱ्यातच थांबते, पदराने काचा पुसते, कडुनिंबाखाली नीट बघून घेते आणि मगच सडा टाकते.